गुत्ता, शिंदी आणि झाडाचा नंबर : आपल्या आदिलाबादच्या बैठका

आज जरा नाक मुरडायला लावणारा विषय घेतोय. देवळांवर आपण लिहितो, कापसाच्या बाजारावर लिहितो, निजामाच्या राजवटीवर तर पुष्कळच लिहितो. पण गावातला माणूस दिवसभर राबून संध्याकाळी जिथं टेकायचा त्या जागेवर कुणी लिहीत नाही. इंग्लंडातला माणूस आपल्या गावचं दीडदोनशे वर्षांचं पब पाहुण्याला कौतुकानं दाखवतो. गोव्याचा माणूस जुन्या तावेर्नीची गोष्ट सांगतो, आणि तिथल्या काजूच्या फेणीला तर २००९ मध्ये भौगोलिक मानांकनसुद्धा मिळालं. आणि आपण? पाहुण्याला घेऊन निघालो की कल्लूच्या दुकानावरून जाणारा रस्ताच टाळतो.

मी काही प्यायला या म्हणून लिहीत नाही. दारूनं उठलेली घरं आपण सगळ्यांनी पाहिलीत. पण ही जागा काय होती आणि ती कशी बिघडली, याचा हिशेब लिहून ठेवायला पाहिजे, असं मला वाटतं.

शब्दापासून सुरुवात करू. मराठीत ‘दारूचा गुत्ता’ म्हणतात. पुण्या-मुंबईच्या माणसाला वाटतं गुत्ता म्हणजे अंधारी, घाणेरडी खोली. पण आपल्याकडे आणि शेजारच्या मराठवाड्यात रस्त्याचं, पुलाचं काम घेणाऱ्याला अजून गुत्तेदार म्हणतात. तेलुगूत ‘गुत्त’ म्हणजे मक्ता, ठेका. तर गुत्ता म्हणजे खोली नव्हे, सरकारकडून ठेक्यानं घेतलेला विकायचा हक्क. ठेक्याचं नाव जागेला चिकटलं आणि मग जागा बदनाम झाली तसा शब्दही बदनाम झाला. आपल्या या बैठकांचा अर्धा इतिहास ह्या एका शब्दातच आहे. पेय झाडाचं, काढणारा गावचा, पण हक्क सरकारचा.

झाडामागची जागा

आपल्या जुन्या जिल्ह्यात, म्हणजे २०१६ च्या ऑक्टोबरात त्याचे चार तुकडे व्हायच्या आधीच्या आदिलाबादेत, पिण्याच्या दोन दुनिया होत्या. एक खालच्या सपाटीची, निर्मल, लक्सेटीपेटपासून गोदावरीच्या काठाकाठानं पसरलेली. तिथं ताड आणि शिंदी. दुसरी उटनूरकडच्या डोंगरांची. तिथं मोह. आणि वर पैनगंगेच्या काळ्या मातीत, जैनथ-बेला-तांसीकडे आपली मराठी वस्ती, जिला दोन्हीकडचं पाणी लागलेलं.

शिंदी हे झाडाचंही नाव आणि पेयाचंही. नाल्याच्या काठी, तळ्याच्या बांधावर, शेताच्या धुऱ्यावर आपोआप उगवणारं हे खजुराच्या जातीचं झाड. तेलुगूत त्याला ईत म्हणतात आणि ताडी-शिंदी दोन्हींना मिळून कल्लू. काढणारे ते गौड. बाहेरचे लोक गौड आणि गोंड यांत घोटाळा करतात म्हणून सांगतो, गौड ही कल्लू काढणाऱ्यांची जात, गोंड हे डोंगरातले आदिवासी.

काम सोपं नाही. कमरेला दोर, दोराला लटकवलेला धारदार कोयता, पाठीशी मडकं. शिंदीच्या शेंड्याखाली एका बाजूच्या फांद्या काढायच्या, साल हळू छिलायची, खाच पाडायची आणि तिथं मडकं बांधायचं. ताडाचा प्रकार वेगळा, त्याच्या फुलोऱ्याला काप देऊन रस काढतात. शिंदीचा मुख्य हंगाम हिवाळा, ताडाचा त्याच्या मागोमाग उन्हाळ्याच्या तोंडाशी. रात्रभर थेंबथेंब रस साठतो आणि पहाटे गौड वर चढून मडकं उतरवतो.

आता मुद्द्याची गोष्ट. उतरवलेला रस पहाटे गोड असतो. त्याला नीरा म्हणा. पण हवेतलं आणि मडक्यातलं किण्व त्यात लगेच कामाला लागतं. ऊन चढेपर्यंत फेस येतो, दुपारी आंबूस होतो, संध्याकाळपर्यंत साधारण बियरइतका चढणारा होतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याची शिर्क्याकडे वाटचाल सुरू. म्हणजे हे पेय साठवता येत नाही, लांब नेता येत नाही. म्हणून दुकान झाडाजवळच पाहिजे. झाडं गावाच्या कडेला, म्हणून बैठकही गावाच्या कडेला. बसायला झाडाची सावली नाहीतर पानांचा मांडव. सोबत उकडलेल्या हरभऱ्याच्या घुगऱ्या, सुकट, कधी अंडं, कधी काळजाचे तुकडे. आणि विकणारा तोच, जो पहाटे झाडावर चढला होता. वाईट माल विकला तर उद्या त्याच गावात तोंड दाखवायचं होतं त्याला.

चांगली बैठक कुठली, याचं जुन्या लोकांचं माप एवढंच होतं. झाड दिसलं पाहिजे.

प्यायला ताडाच्या पानाचा लांबट द्रोण, ज्याला तेलुगूत रेका म्हणतात. दोन्ही हातांनी तो तोंडाशी धरायचा आणि गौडानं वरून धार सोडायची. दिसायला मोठं झोकदार. पण खरं सांगायचं तर यातही जात होती. आपापलं पान, वरून धार, म्हणजे कुणाचं भांडं कुणाला लागायला नको. कुणी मांडवाच्या आत बसायचं, कुणी बाहेर जमिनीवर. ‘गुत्त्यावर सगळे सारखे’ असं जे आज गोड करून सांगितलं जातं ते पूर्ण खरं नाही. तरी एवढं खरं, की मराठी कुणबी, तेलुगू रेड्डी, महार, माळी, गौड ही सगळी माणसं एका हाकेच्या अंतरावर संध्याकाळी बसलेली दुसरीकडे कुठं दिसत नव्हती. आपल्या लोकांना कामचलाऊ तेलुगू शाळेनं कमी आणि बाजारानं व ह्या मांडवांनी जास्त शिकवली.

झाडाचा नंबर

शिंदीच्या जुन्या झाडाकडे नीट बघा. बुंधा सरळ नसतो, नागमोडी असतो. एका वर्षी एका अंगानं छिलतात, पुढच्या खेपेला उलट अंगानं, म्हणजे झाड मरत नाही. प्रत्येक छिलणीची खाच बुंध्यावर राहते. खाचा मोजल्या की झाड किती हंगाम दिलं ते कळतं. ही झाली झाडाची स्वतःची वही.

दुसरी वही सरकारची. आबकारी हा फारसी शब्द, आब म्हणजे पाणी आणि कार म्हणजे काम. हैदराबाद संस्थानात आबकारी हे उत्पन्नाचं फार मोठं साधन होतं. १३१६ फसलीत, म्हणजे इसवी सनाच्या १९०६-०७ च्या सुमारास, संस्थानाचा आबकारी कायदा झाला. आदिलाबाद स्वतंत्र जिल्हा झाला तोही १९०५ मध्ये, त्याआधी याला सिरपूर-तांडूर म्हणत. म्हणजे आपला जिल्हा आणि आपली आबकारी जवळपास जोडीनंच उभी राहिली.

पद्धत अशी. झाडांची मोजणी व्हायची, छिलायच्या झाडांवर नंबर पडायचे, झाडामागे कर. दुकानांचा हर्रास व्हायचा आणि ज्याची बोली मोठी त्याला ठेका. त्या ठेकेदाराला मुस्ताजिर म्हणत. तो बहुतेक वेळा ना झाडावर चढणारा, ना गावात राहणारा. झाड शेतकऱ्याच्या धुऱ्यावर, घाम गौडाचा, आणि मधला पैसा मुस्ताजिराचा व सरकारचा. माणसं जास्त प्यायली तर खजिना भरतो, असं हे गणित. सरकार बदललं, १९४८ मध्ये संस्थान गेलं, पण गणित काही गेलं नाही.

झाडावरच्या करावरून भांडण त्याहून कितीतरी जुनं आहे. सर्वाई पापन्नाचं नाव तेलंगणात सगळ्यांना ठाऊक आहे. औरंगजेबाच्या काळातला हा ताडी काढणाऱ्या जातीचा माणूस. त्यानं टोळी जमवली, किल्ला बांधला, १७०८ मध्ये वारंगळ लुटलं, आणि १७१० मध्ये मोगलांनी त्याला मारलं. लोककथा सांगते की ठिणगी कल्लूच्या फुकटखाऊ शिपायांवरून पडली. आज गौड समाज त्याची जयंती करतो. आपल्या मराठी घरांत मात्र हे नाव अजून कमीच पोचलंय.

मोहाला दुकान नव्हतं

आता डोंगरात चला. इंद्रवेल्ली, उटनूर, जैनूर. इथं गोष्टच निराळी, कारण मोहाला गुत्ता नव्हताच, घर होतं.

फाल्गुन-चैत्रात पहाटे मोहाची फुलं टपटप गळतात. बायकापोरं टोपल्या घेऊन वेचतात, अंगणात वाळवतात. वाळलेलं फूल वर्षभर टिकतं. दुष्काळात तेच शिजवून खाल्लं जायचं, बियांचं तेल निघायचं. आणि भिजवून, आंबवून, मडक्यावर मडकं ठेवून त्याची दारूही निघायची. पण ती काढायची वेळ ठरलेली. लग्न, मयत, देवकार्य, दिवाळीची दंडारी. पहिला थेंब जमिनीवर, पेनांना आणि पूर्वजांना. मग माणसांना, पळसाच्या पानाच्या द्रोणात.

इथं आपला मराठी धागाही आहे. गोंडांच्या कुळकथा गाणारे परधान, हातात कीकरी घेऊन गोंडांचा पुराणपट गोंडीत गातात, आणि त्यांच्यापैकी बऱ्याच घरांत बोली मराठी. रात्रभर चालणाऱ्या त्या गाण्यात द्रोण फिरणं हा मानाचा भाग. गाणाऱ्याला पाजणं म्हणजे त्याचा हक्क देणं.

जोडेघाटला १९४० मध्ये कोमराम भीम मारला गेला. त्यानंतर निजाम सरकारला डोंगरातल्या लोकांचं खरं दुखणं समजून घ्यायची गरज वाटली आणि हायमेनडॉर्फ हा ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ इकडे आला. मारलवाईत तो आणि त्याची बायको बेट्टी राहिले. आदिलाबादच्या राज गोंडांवरचं त्याचं पुस्तक १९४८ मध्ये छापलं गेलं. केसलापूरच्या नागोबा जत्रेतला दरबार त्याच काळात सुरू झाला, तो आजही पुष्य अमावस्येच्या जत्रेत भरतो.

कायद्याच्या नजरेत मात्र घरच्या चुलीवरची मोहाची दारू म्हणजे चोरटी दारू. मुंबई इलाख्यात इंग्रजांनी १८९२ मध्ये मोहफुलांवरच कायदा केला होता. फुलं घरात ठेवली तरी गुन्हा. महाराष्ट्रात मोहफुलांवरचे निर्बंध उठायला २०२१ साल उजाडलं. देवाला लागणारी वस्तू घरात केली तर गुन्हा आणि ठेकेदाराच्या दुकानातून विकत आणली तर कायदेशीर. डोंगरातल्या माणसाला हे कोडं कधी सुटलं नाही, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती.

पाकिटाचा जमाना

आपल्यातले जे आज पन्नाशी-साठीत आहेत त्यांना आठवेल तो साऱ्याचा काळ. सारा म्हणजे सरकारी ठेक्याची देशी दारू. ऐंशीच्या दशकात आंध्र सरकारनं ‘वारुणी वाहिनी’ नावाची योजना आणली आणि सारा प्लास्टिकच्या पाकिटांत आला. झाड नको, मांडव नको, संध्याकाळ नको. पाकीट खिशात मावतं, शेतात जातं, सकाळी सातलाही फुटतं. पऱ्हाटीचा पैसा हातात आला की गावागावांत पाकिटांचे ढीग.

आमच्या शेजारची एक म्हातारी म्हणायची, “झाडाची पिऊन येतो तो घरी येतो. पाकिटाची पितो त्याला घरी आणावं लागतं.” ह्या विषयावर मी वाचलेल्या कुठल्याही अहवालापेक्षा मला हे वाक्य पटतं.

१९९२ मध्ये नेल्लोर जिल्ह्यातल्या दुबगुंटा गावात बायका उठल्या. त्या साक्षरता वर्गात जमत होत्या, तिथंच बोलणं सुरू झालं, आणि त्यांनी गावात साऱ्याची गाडी येऊ देणं बंद केलं. रोसम्मा हे नाव तिथून राज्यभर झालं. चळवळ इतकी पसरली की १ ऑक्टोबर १९९३ पासून साऱ्यावर बंदी आली. पुढं एन. टी. रामारावांनी १६ जानेवारी १९९५ पासून दारूबंदी केली. ज्यांच्या राज्यात पाकीट आलं त्यांच्याच सहीनं बंदी. त्या बंदीतही कल्लूला मोकळीक होती, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. बायकांचा राग झाडावर नव्हता, पाकिटावर होता, हे सरकारलाही दिसत होतं. १९९७ मध्ये बंदी उठली. सारा परत आला नाही, त्याच्या जागी बाटली आली. आज गावात ‘वाइन्स’ची पाटी आहे, त्याला लागून परमिट रूम आहे, आणि जिथं परवाना नाही तिथं किराण्याच्या फळीमागे बेल्ट शॉप आहे.

पावडरची शिंदी

कल्लूला बंदीनं मारलं नाही, पण पावडरनं जवळजवळ मारलं. झाडं कमी झाली, धुरे नांगरले गेले, तळ्याचे बांध सिमेंटचे झाले, गौडाचं पोरगं झाडावर चढायला तयार नाही आणि त्याला चढ म्हणणार तरी कोण, पडून कायमचे अधू झालेले लोक सगळ्यांनी पाहिलेत. पण पिणारे तेवढेच, उलट जास्त. मग दहा मडक्यांच्या रसाची शंभर मडकी करायची कशी? पाणी, सॅकरिन आणि झोपेचं औषध. आधी क्लोरल हायड्रेट, पुढं डायझेपाम, अल्प्राझोलाम. तेलुगूत याला सरळ ‘मंदु कल्लू’ म्हणतात, औषधाची कल्लू.

ही सवय साधी नसते. सप्टेंबर २०१५ मध्ये तेलंगणात भेसळीवर एकदम धाडी पडल्या आणि निजामाबाद, महबूबनगरकडे माणसं दवाखान्यांत भरती व्हायला लागली. कुणाला झटके, कुणाला भास, कुणी बडबडत होतं. कल्लू मिळाली नाही म्हणून नव्हे, तिच्यातलं औषध अचानक तुटलं म्हणून. त्यात म्हाताऱ्या होत्या, कष्टकरी बाया होत्या, ज्या आयुष्यात कधी बारमध्ये गेल्या नाहीत. त्यांना वाटत होतं आपण झाडाचं पितोय.

मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे. झाडाचा भरवसा दाखवून गोळी विकली गेली.

नदीच्या दोन काठांचा कायदा

आपला भाग हद्दीवरचा. १ नोव्हेंबर १९५६ ला किनवट आणि राजुरा आदिलाबादेतून निघून पलीकडे गेले. सोयरीक एकच, पण कायदे दोन झाले. पलीकडे वर्ध्यात १९७५ पासून दारूबंदी, गडचिरोलीत १९९३ पासून, आणि चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ पासून २०२१ पर्यंत. त्या सहा वर्षांत कोरपना, राजुऱ्याकडची माणसं हद्द ओलांडून अलीकडे यायची. हद्दीवरची दुकानं फुगली. ती काही बैठक नव्हती. गाडी उभी करायची, क्वार्टर घ्यायची, उभ्यानं रिकामी करायची, परत. बंदी इकडची असो की तिकडची, तिनं पिण्याची जागा मोडली, पिणं मोडलं नाही.

मग आज जावं कुठं?

कुणी विचारलं की आदिलाबादेत जुन्या वळणाचं काही उरलंय का, तर मी दुकानाचं नाव सांगत नाही, खूण सांगतो. हिवाळ्यात जा. पहाटे जा. बोर्ड बघू नका, जवळपास मडकं बांधलेलं झाड आहे का ते बघा. काढणारा कोण ते विचारा, तो समोर आला पाहिजे. सकाळची आणि दुपारची चव वेगळी लागली पाहिजे. दिवसभर एकच चव आणि बारा महिने तेवढाच माल, तर ती शिंदी नव्हे. उठून या. आणि बारक्या पोरांना, गरोदर बाईला ‘थंडं असतं’ म्हणून घोट देण्याची आपल्याकडची जुनी खोड, ती तेवढी सोडा.

डोंगरात गेलात तर विकत मागू नका. मोहाची दारू ही तिथं पाहुणचाराची आणि देवाची वस्तू आहे, बोलावलं तरच घ्यायची. अनुसूचित भागात दारूबाबत ग्रामसभेचा शब्द चालावा असं १९९६ च्या पेसा कायद्यात आहे, तो मान आपणही ठेवू. उटनूरला आदिवासी बायका मोहफुलांचे लाडू करतात, ते मात्र जरूर आणा, घरात सगळ्यांना देता येतात. हैदराबादेत २०२३ पासून सरकारी नीरा कॅफेही आहे. चांगली गोष्ट आहे, पण तिथं बसलं की समोर तलाव दिसतो, झाड दिसत नाही.

आता तुमच्याकडे एक मागणं. आपापल्या गावच्या शिवारात शिंदीची, ताडाची किती झाडं उरलीत ते पुढच्या खेपेला गावी जाल तेव्हा बघून या. बुंध्यावरच्या खाचा मोजा, फोटो काढा. घरात कुणी ऐंशीच्या पुढचं असेल तर त्यांना विचारा, मांडव कुठं होता, कोण कुठं बसायचं, गौडाचं घर कुठलं. आणि आज्यांना वेगळं विचारा, कारण त्यांची गोष्ट वेगळी निघेल. जे मिळेल ते खाली लिहा. गावाचं नाव टाका, माणसाचं नको.